बॅटरीसकट वजन

"मग? घ्यायचा की नाही?" बायकोने विचारलं.

"अजून बॅटरीच्या वजनाचा प्रश्न आहे," निरीक्षक म्हणाले.

बायकोने कपाळाला हात लावला आणि चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला. गेले सात महिने त्या घरात हाच प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर यायचा आणि उत्तर न मिळता कपबशीबरोबर विसळायला जायचा. कॅमेरा घ्यायचा की नाही? घ्यायचा तर तो छोटा, खिशात मावणारा, मिररलेस घ्यायचा, की मोबाईलवरच भागवायचं?

फ्रीजच्या दारावर निरीक्षकांनी एक तक्ता चिकटवला होता. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, खाली 'निर्णय' असं लिहून पुढे रिकामी जागा. डाव्या बाजूला अकरा मुद्दे होते, उजव्या बाजूलाही अकराच. एखाद्या दिवशी डावीकडे बारावा मुद्दा आला, की निरीक्षकांना चैन पडायचं नाही. ते रात्रीच्या जेवणापर्यंत उजवीकडे बारावा शोधून काढायचे.

"मला एक सांगा," बायको एकदा म्हणाली होती, "मिररलेस म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला ना?"

"हो."

"आणि किंमत जास्त?"

"हो, पण त्याचं कारण असं आहे की..."

"माल कमी आणि भाव जास्त! अहो, हा तर तुमच्याच खात्याचा गुन्हा झाला."

निरीक्षकांनी हा मुद्दा मुकाट्याने तोट्यांत लिहून घेतला होता.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्याचे निरीक्षक. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनं तपासायची, खोट निघाली की दंड लावायचा. हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. सगळा बाजार त्यांना 'काटेसाहेब' म्हणायचा, अर्थात त्यांच्या माघारी. कोटाच्या उजव्या खिशात पाकिटाएवढा इलेक्ट्रॉनिक काटा आणि डाव्या खिशात मखमली डबीतलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन, हे घेतल्याशिवाय ते साधे केस कापायलाही जायचे नाहीत. माणूस सरळ, कुणाचा एक चहाही न प्यालेला. पण कुठलीही गोष्ट तीनदा तोलल्याशिवाय त्यांच्या गळी उतरायची नाही. फ्रीज घ्यायचा की नाही यावर दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात बायकोने स्वतः जाऊन तो आणला, आणि निरीक्षक अजूनही म्हणतात की आपण जरा घाईच केली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं डोकं खाण्यापेक्षा नसता घेतला कॅमेरा. पण त्यामागे एक जुनं दुखणं होतं. या दोघांचा एकत्र असा एकही धड फोटो नव्हता. लग्नात फोटो काढायला बायकोचे धाकटे मामा होते. त्यांनी दिवसभर वाकून, बसून, खुर्चीवर चढून छत्तीस फोटो काढले आणि संध्याकाळी लक्षात आलं, की आतला रोल चक्रीला अडकलाच नव्हता. पहिल्या फोटोपासून छत्तिसाव्यापर्यंत तो होता तिथेच होता. पाठवणीच्या वेळी नवरीपेक्षा मामाच जास्त रडले. पुढे मोबाईल आले, पण त्यात एक जण फोटोत आणि दुसरा फोटो काढणारा. दोघं एकदम यायचं म्हटलं की निरीक्षक हात लांब करायचे, मग बायकोचा एक डोळा, निरीक्षकांचं कपाळ आणि अर्धाअधिक अंगठा, एवढंच यायचं.

येत्या शुक्रवारी लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. गुरुवारच्या बसची तिकिटं काढली होती. डोंगरावरच्या गावात चार दिवस राहायचं, कड्याच्या टोकापर्यंत चढून जायचं आणि तिथे दोघांचा एक फोटो काढायचा, असं ठरलं होतं. बायकोने त्यासाठी निळी शाल वेगळी काढून ठेवली होती. तिने आयुष्यात नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आणि हा फोटो मात्र तिला मनापासून हवा होता.

"शनिवार आहे, तुम्हाला सुट्टी आहे," ती म्हणाली. "उठा. आज दुकानात जाऊन सोक्षमोक्ष लावायचा. नाहीतर मी तो तक्ता फाडणार."

निरीक्षक उठले. कोट घातला. दोन्ही खिसे चाचपून पाहिले.

कॅमेऱ्याचं दुकान बाजारातल्या अरुंद गल्लीत होतं. एका बाजूला लोकरवाल्या बाईंचं दुकान, दुसऱ्या बाजूला धान्याचं, समोर सोनाराचं. कॅमेरेवाला गोरा, गुबगुबीत, हसतमुख माणूस होता. तो या गल्लीत नवा होता, आणि मोजून-तोलून काही विकत नसल्यामुळे त्याचा आणि निरीक्षकांचा कधी संबंध आला नव्हता.

"आम्हाला दोघं एकदम फोटोत यायला हवेत," बायकोने गेल्या गेल्या सांगून टाकलं. "तिसरा माणूस नाही."

"एवढंच ना वहिनी? हे बघा!" कॅमेरेवाल्याने तो छोटा मिररलेस कॅमेरा तीन पायांच्या छोट्या तिकाटण्यावर बसवला, काउंटरच्या टोकाला त्यांच्याकडे तोंड करून ठेवला आणि एक बटण दाबलं. "आता हा दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढत राहणार. तुम्ही नुसतं उभं राहायचं. आवाजसुद्धा येत नाही."

"बघा!" बायको नवऱ्याला म्हणाली. "झालं काम."

"वजन किती?" निरीक्षकांनी विचारलं.

"एकदम हलका, साहेब. तीनशे चोपन्न ग्रॅम. डब्यावर लिहिलंय."

"ते बॅटरीशिवाय. मी वाचलंय. बॅटरी आणि कार्ड घालून किती?"

"आता साहेब... चार-दोन ग्रॅम इकडे तिकडे."

चार-दोन ग्रॅम इकडे तिकडे! हे वाक्य सव्वीस वर्षं निरीक्षकांनी रोज ऐकलं होतं, आणि ऐकलं की त्यांचे हात आपोआप खिशात जायचे. तसेच ते आत्ताही गेले. त्यांच्या मनात एवढंच होतं, की कड्यापर्यंत दीड तासाची चढण आहे, कॅमेरा हिच्या गळ्यात असणार आणि हिची मान आधीच दुखते. तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्याचा जोडीदार, त्याच कंपनीचा, बॅटरी आणि कार्ड घातलेला दुसरा नग, काउंटरवर होता. त्यांनी उजव्या खिशातून काटा काढला, डाव्या खिशातून मखमली डबी काढली, ती उघडली आणि पितळी वजन काट्यावर ठेवलं. वजनावरचा सरकारी ठसा दिव्याखाली चमकला.

कॅमेरेवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"पंखा बंद करा," निरीक्षक काट्यावरून नजर न काढता म्हणाले. वाऱ्याने आकडा हलतो, म्हणून.

पंखा बंद झाला.

"आता आहे तसं राहू द्या. कशाला हात लावू नका." काउंटर हलला की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं, म्हणून.

कॅमेरेवाल्याने दोन्ही हात वर केले. हा माणूस कोण, हे आता त्याला कळलं होतं. त्याची पाचावर धारण बसली. तसा तो लबाड नव्हता, पण गेल्या महिन्यात त्याने चार डब्यांवर छापील किमतीच्या जागी नवी चिठ्ठी चिकटवली होती, आणि ते डबे निरीक्षकांच्या डोक्याच्या बरोबर वरच्या फळीवर होते.

"तीनशे ब्याण्णव," निरीक्षक म्हणाले. "अडतीस ग्रॅमचा फरक. मला सांगा, बॅटरीशिवाय हा चालतो?"

"न-नाही साहेब."

"मग बॅटरीशिवाय वजन लिहिलंच कशाला? ही फसवणूक नाही का?"

"मी नाही लिहिलं साहेब, कंपनीने लिहिलंय!"

"पुन्हा एकदा तोलतो. तीनदा तोलल्याशिवाय मी नोंद करत नाही."

आता बायकोचा संयम संपला. "पुरे झालं! बंद करा ते आधी! पंचवीस वर्षं मी हेच बघतेय. इथे काय ठरलं होतं आपलं? एका शब्दात सांगा, हो की नाही?"

"अगं, एक मिनिट..."

"एक शब्द म्हटलं मी!"

निरीक्षक मान खाली घालून काट्यावर वाकले. कॅमेरेवाला डोळे विस्फारून बघत राहिला. ज्या काटेसाहेबांना सगळा बाजार टरकतो, त्यांना भरदुकानात झापणारी ही बाई कोण? त्याने मनातल्या मनात तिला निदान दोन हुद्दे वर चढवलं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या लोकरवाल्या बाई सुटे पैसे मागायला आत डोकावल्या. त्यांना दिसलं ते असं: पंखा बंद, कॅमेरेवाला हात वर करून उभा, काउंटरवर पितळी वजन आणि त्यावर वाकलेले साक्षात काटेसाहेब. बाई सुटे पैसे विसरल्या. उलट पावली बाहेर गेल्या आणि त्यांनी धान्यवाल्याला नुसती एक खूण केली. पुढचं काम गल्लीने केलं.

इकडे निरीक्षकांनी तिसऱ्यांदा तोललं, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, "विचार करून कळवतो."

दुसरं कुणी हे वाक्य म्हटलं असतं तर कॅमेरेवाल्याला वाईट वाटलं असतं. आत्ता त्याला दरदरून घाम फुटला. "कळवू नका ना साहेब! इथेच मिटवू. तुम्ही हा असाच घेऊन जा. पैशाचं नाव काढू नका!"

झालं! निरीक्षकांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे? मला फुकट देता? मला?" त्यांनी काटा खिशात टाकला, डबी दुसऱ्या खिशात टाकली आणि बायकोला म्हणाले, "चल. आता या दुकानातून मी टाचणीसुद्धा घेणार नाही."

बाहेर आले तर गल्ली सामसूम. लोकरवाल्यांचं दुकान बंद, धान्याचं बंद, सोनार तर आतून कडी लावून बसला होता. बायकोला डोंगरावरच्या थंडीसाठी दोन लोकरीच्या टोप्या घ्यायच्या होत्या. तिने पुढच्या गल्लीत एक उघडं दुकान हेरलं आणि ती तिकडे झपाझप निघाली, तोच धाडकन शटर खाली आलं. त्यापुढच्या दुकानाचंही तेच.

"आज काय आहे हो? बाजार एवढा लवकर का बंद?"

"कुणास ठाऊक," निरीक्षक म्हणाले. "लोकांना धंदाच करायला नको."

कॅमेरा नाही, टोप्या नाहीत, आणि घरी येईपर्यंत दोघांत एक शब्द नाही. बायकोने फ्रीजवरचा तक्ता फाडला नाही. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही, आणि ते निरीक्षकांना जास्त लागलं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी निरीक्षकांना आत बोलावलं.

"बसा. तुम्ही शनिवारी बाजारात छापा घातलात?"

"मी? नाही साहेब! मी कॅमेरा बघायला गेलो होतो."

"व्यापारी मंडळाची तक्रार आलीय. ऐका. 'निरीक्षकांनी सुट्टीच्या दिवशी, आदेश न दाखवता, दुकानाचा वीजपुरवठा खंडित केला व दुकानदारास हात वर करून उभे केले. त्यामुळे घबराट पसरून एकवीस दुकाने बंद ठेवावी लागली. निरीक्षकांसोबत एक वरिष्ठ महिला अधिकारी होत्या. त्यांचा दरारा एवढा, की त्यांच्यापुढे खुद्द निरीक्षक चळचळा कापत होते.'" साहेबांनी चष्मा काढला. "या महिला अधिकारी कोण? आपल्या खात्यात तर अशा कुणी नाहीत."

"साहेब, ती माझी बायको."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते स्वतः तीस वर्षांचे संसारी होते. "मला समजतं," ते हळूच म्हणाले. "पण कागदावर आलंय, तेव्हा चौकशी करावी लागेल. शुक्रवारी अकरा वाजता. दुकानदार पुरावे घेऊन येणार आहे. आणि ओळख पटवायला तुमच्या... त्यांनाही यावं लागेल."

"शुक्रवारी?" निरीक्षक खुर्चीतून अर्धवट उठले. "साहेब, दुसरा कुठलाही दिवस चालेल. शुक्रवारी आम्ही बाहेरगावी..."

"मंडळाला तारीख कळवून झालीय हो."

घरी हे कसं सांगायचं, ते निरीक्षकांनी तीनदा घोळवलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं उत्तर आलं. शेवटी त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बायको भडकेल असं त्यांना वाटलं होतं. ती भडकली नाही.

"तिकिटं परत करा म्हणजे," एवढंच म्हणाली, आणि निळी शाल घडी करून कपाटात ठेवायला गेली. निरीक्षकांना भडभडून आलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला एक ग्रॅम कमी मिळू दिला नव्हता, आणि या बाईला एक फोटो मिळू नये!

शुक्रवारी अकराला ती आली ती तीच निळी शाल पांघरून. "घेतलीय कपाटातून काढून," ती म्हणाली, "एकदा तरी अंगावर येऊ दे." कॅमेरेवाला आधीच येऊन बसला होता. तो तिला बघून ताडकन उभा राहिला आणि त्याने नमस्कार ठोकला.

"बसा," मोठे साहेब त्याला म्हणाले. "यांना ओळखता?"

"याच त्या वरिष्ठ अधिकारी, साहेब!"

"मी कुठली अधिकारी?" बायको म्हणाली. "मी यांची बायको. कॅमेरा घ्यायला आलो होतो. यांनी तो तोलला, कारण हे सगळंच तोलतात. आमच्या घरी पावसुद्धा तोलून खातात."

कॅमेरेवाल्याचा जबडा खाली आला. "म्हणजे... छापा नव्हता?"

"छापा कसला? कड्यावर चढताना माझ्या मानेला भार नको म्हणून..." बोलता बोलता ती थांबली. अडतीस ग्रॅम कुणासाठी होते, ते तिच्या आत्ता लक्षात आलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. निरीक्षक बुटांकडे बघत होते.

"आणि हे मी पुरावे घेऊन आलो!" कॅमेरेवाला ओशाळून म्हणाला. "साहेबांनी कशाला हात लावू नका म्हटलं ना, मग साहेब जाईपर्यंत मी तो तिकाटण्यावरचा कॅमेरा बंदच केला नाही. तो आपला दहा-दहा सेकंदांनी फोटो काढत राहिला. संध्याकाळी बघतो तर सत्तर-ऐंशी फोटो. त्यातले चार छापून आणलेत."

मोठ्या साहेबांनी फोटो टेबलावर मांडले. पहिल्यात काटा आणि वजन. दुसऱ्यात हात वर केलेला कॅमेरेवाला. तिसऱ्यात बोट रोखून उभी असलेली बायको. दरारा खरोखरच होता.

चौथा फोटो साहेबांनी उचलला, बघितला आणि तिच्याकडे सरकवला.

तो तिसऱ्या वेळच्या तोलण्याचा होता. निरीक्षक काट्यावर वाकले होते, जीभ दातांत धरलेली, एक भुवई वर, शाळेतल्या मुलासारखे गढून गेलेले. त्यांच्या कोटाच्या कॉलरवर कसलासा दोरा होता आणि बायको तो हलकेच काढत होती. नुकतीच रागावलेली ती, पण राग कुठे शोधून सापडला नसता. ती त्यांच्याकडे बघून हसत होती. आपलं हसणं कुणाला दिसतंय असं न वाटता माणूस हसतो, तसं.

निरीक्षक पुढे झुकले. त्यांनी तो फोटो एकदा बघितला, पुन्हा बघितला. आपण काट्याकडे बघत असताना ही कुठे बघत असते, हे त्यांना पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"तू अशी बघतेस?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी," बायको म्हणाली. "दोरा असला की."

कॅमेरेवाल्याने तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली, आणि जाता जाता वरच्या फळीवरच्या चार डब्यांचंही कबूल करून टाकलं. निरीक्षकांनी त्यासाठी त्याला नियमाप्रमाणे दंड लावला आणि पावतीही दिली. मग ते एकदम म्हणाले, "तो कॅमेरा अजून आहे? मी घेतो. पूर्ण किमतीला."

"तोलायचा नाही का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नाही."

"थांबा," बायको म्हणाली. "एवढी घाई कशाला? विचार करू."

निरीक्षक आ वासून बघत राहिले.

"काय आहे," ती म्हणाली, "फोटो निघतोय हे कळलं की तुम्ही पोट आत घ्याल आणि मी शाल सारखी करत बसेन. मला हाच हवा. हा द्या की साहेब."

पण तो मिळणं सोपं नव्हतं. फोटो फाइलला लागला होता, आणि फाइलला लागलेली गोष्ट घरी नेता येत नाही. तिने रीतसर अर्ज केला, तीन आठवडे वाट पाहिली आणि मग प्रमाणित प्रत मिळाली. उजव्या कोपऱ्यात खात्याचा गोल जांभळा शिक्का, खाली सही, आणि 'पुरावा क्रमांक चार, मुळाप्रमाणे बरोबर' असा शेरा.

बैठकीच्या खोलीत आता तो फ्रेम करून लावला आहे. फ्रीजवरचा तक्ता गेला. येणारे-जाणारे शिक्क्याकडे बोट दाखवून हमखास विचारतात, की हे काय?

"आमच्या लग्नाचा फोटो," बायको सांगते. "जरा उशिरा आला, पण तपासून आलाय."